किमोनो घाला, मुकुट उसवा

ताई, नमस्कार. मुलीच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा आहे, विषय 'जगभरातली माणसं'. मुलगी नऊ वर्षांची, तिला 'रेड इंडियन' व्हायचंय. पिसांचा मोठा मुकुट ऑनलाइन मागवला, गालांवर पट्टे ओढायला रंग आणले, अंगाला लावायला गडद फाउंडेशनही आणलं. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसच्या संमेलनात असाच कार्यक्रम आहे. तिथे मी जपानी मैत्रिणीने भेट दिलेला किमोनो घालणार होते. सोळा वर्षांच्या मुलाने पलंगावर मांडलेलं हे सगळं बघितलं आणि म्हणाला, "आई, हे रेसिस्ट आहे. दुसऱ्याची संस्कृती म्हणजे कॉश्च्युम नव्हे." नवरा म्हणतो, कपडे म्हणजे कपडे, हल्ली लोकांना कशाचंही वाईट वाटतं. मला दोघांचंही थोडं पटतं. कुणाला दुखवायचं नाही आणि मुलीला रडवायचंही नाही. काय करू?
– दोन्हीकडून ओरडा खाणारी

दोन्हीकडून ओरडा खाणाऱ्या बाई,

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे स्पर्धा तोंडावर आली असेल तर बाकीचं सावकाश वाचता येईल. किमोनो खुशाल घाला. पिसांचा मुकुट नको. आणि फाउंडेशनची बाटली तर उघडूच नका. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टींत मुलगा बरोबर, एकीत नवरा. घरच्या भांडणात इतका स्वच्छ निकाल क्वचितच लागतो.

बाटलीपासून सुरू करते, कारण तिथे मला तिळमात्र शंका नाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत, वेश आणि सोंग. वेश अंगावर चढवायचा आणि उतरवायचा. सोंग घेतलं की आपण दुसरंच कुणी असल्याचं भासवायचं असतं, आणि बहुतेक वेळा समोरच्याला हसवायचं असतं. कातडीला रंग फासला की वेशाचं सोंग होतं. 1830 च्या दशकात अमेरिकेत थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून काळ्या गुलामाची नक्कल करायचा. पात्राचं नाव जिम क्रो. हा खेळ असा काही चालला की त्यातून 'मिन्स्ट्रेल शो' नावाचा अख्खा धंदा उभा राहिला. बूच जाळायचं, त्याची काजळी तोंडाला लावायची, ओठ मोठे रंगवायचे आणि काळा माणूस कसा आळशी, कसा बावळट हे गाऊन-नाचून दाखवायचं. पुढे काळ्या लोकांना वेगळ्या डब्यात, वेगळ्या शाळेत बसवणारे कायदे झाले, तेव्हा त्या कायद्यांना लोकांनी नाव दिलं तेही जिम क्रोच. नकलेतलं पात्र कायद्याच्या नावात जाऊन बसलं. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते कायदे भोगले, त्यांना रंगवलेल्या तोंडात गंमत दिसावी अशी अपेक्षा आपण कशी ठेवणार?

तुम्ही म्हणाल, आम्ही तर काळं कुणाला करत नाही, जरा गडद करतो आहोत. 2016 मध्ये डिस्नेलाही असंच वाटलं असावं. त्यांच्या एका चित्रपटातल्या पॉलिनेशियन वीराचा पोशाख त्यांनी मुलांसाठी विकायला काढला. पोशाख कसला, तपकिरी रंगाचा अंगभर सूट आणि त्यावर छापलेलं गोंदण. मुलाने आत शिरायचं, की झाला तो पॉलिनेशियन. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांनी विचारलं, आमची कातडी तुम्ही हँगरला टांगून विकता? कंपनीने माल मागे घेतला आणि माफी मागितली. मला तो प्रश्न पुरेसा वाटतो. तुमच्या बाटलीत आहे ते हँगरवरचंच काहीतरी, फक्त पातळ केलेलं.

आता पिसं. इथे थोडा वेळ घेते, कारण 'त्यात काय एवढं' हे वाक्य नेमकं इथेच येतं.

आधी तो 'रेड इंडियन' शब्द घरातून काढून टाका. कातडीच्या रंगावरून लोकांचं नाव ठेवलंय, आणि 'इंडियन' हे एका दर्यावर्दी माणसाच्या भूगोलाच्या चुकीतून आलंय. शिवाय तशी एक कुठली जमात नाहीच. अमेरिकेत सरकारने मान्यता दिलेल्या मूलनिवासी जमातीच 570 हून अधिक आहेत. त्यांच्या भाषा वेगळ्या, घरं वेगळी, कपडे वेगळे. तुमच्या पलंगावर पडलेला तो लांब पिसांचा मुकुट मुळात लकोटा, शायेन, क्रो अशा गवताळ मैदानांतल्या काही जमातींचा. होपी किंवा चेरोकी माणसाशी त्याचा परंपरेने काही संबंध नाही. आणि ज्यांचा तो आहे, त्यांच्यातही तो ऊठसूट कुणी घालत नाही. पिसं गरुडाची, आणि एकेक पीस एकेका पराक्रमासाठी मिळालेलं. मुकुट भरायला आयुष्य जायचं. परंपरेने तो पुरुषांचा, त्यातही मानाच्या पुरुषांचा. नऊ वर्षांच्या मुलीने तो घालायचा प्रश्न त्या लोकांतही आला नसता.

म्हणून नवऱ्याला एवढंच विचारा, उद्या ऑफिसच्या संमेलनात कुणी न मिळवलेलं शौर्यपदक छातीला लावून आलं आणि 'पदक म्हणजे धातूचा तुकडा' म्हणालं, तर? त्या पदकासाठी कुणाचा तरी मुलगा गेलेला असतो, हे त्यांना सांगावं लागणार नाही. पिसांचंही तसंच आहे, फक्त ते पदक आपल्या ओळखीचं नाही. आजही अमेरिकेत जमातींबाहेरच्या माणसाने गरुडाचं पीस जवळ बाळगणं कायद्याने गुन्हा आहे. जमातींच्या लोकांना धर्मकार्यासाठी ती हवी असली तर कोलोरॅडोत एक सरकारी भांडार आहे, देशभर मेलेले गरुड तिथे जमा होतात. तिथे अर्ज करायचा आणि आपली पाळी यायची वाट बघायची. अख्ख्या पक्ष्यासाठी कधीकधी वर्षानुवर्षं. आणि आपण 'कार्टमध्ये टाका' दाबलं की दोन दिवसांत रंगवलेल्या पिसांचा मुकुट दारात.

तरीही नुसत्या मानाचा प्रश्न असता तर मी इतकी अडून बसले नसते. दुसरी एक गोष्ट आहे. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे मूलनिवासी मुलांसाठी एक निवासी शाळा निघाली. मुलं आली की त्यांचे केस कापायचे, अंगावरचे कपडे-दागिने काढून घ्यायचे, गणवेश घालायचा, त्यांची भाषा बोलू द्यायची नाही. शाळा आपलं काम दाखवायला जोडफोटो काढायची, आधीचा आणि नंतरचा. टॉम टॉरलिनो नावाच्या, नवाहो जमातीच्या तरुणाचे तसे दोन फोटो प्रसिद्ध आहेत. पहिल्यात खांद्यावर आलेले केस, कानांत मोठ्या रिंगा, गळ्यात माळा, अंगाभोवती घोंगडी. तीन वर्षांनंतरच्या फोटोत भांग पाडलेले आखूड केस, कोट, टाय. दुसऱ्या फोटोत त्याची कातडीसुद्धा उजळ दिसते. ती प्रकाशाची करामत असावी. मी ते दोन फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते. एका पिढीला ज्या कपड्यांसाठी शिक्षा झाली, ज्यांचे नाच आणि विधी सरकारने बंद पाडले, ज्यांना आपला धर्म पाळायचं कायदेशीर संरक्षण थेट 1978 मध्ये मिळालं, त्यांच्या नातवंडांनी तेच कपडे पार्टीत दुसऱ्याच्या अंगावर बघायचे. त्यावर 'गंमत आहे हो' म्हटलं, तर त्यांना काय वाटत असेल?

हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. ते लोक स्वतः वर्षानुवर्षं सांगताहेत. 2012 मध्ये व्हिक्टोरियाज सीक्रेट या कंपनीने अंतर्वस्त्रांच्या शोमध्ये एका मॉडेलच्या डोक्यावर असाच मुकुट चढवला. इतका आरडाओरडा झाला की तेवढा भाग प्रक्षेपणातून काढून कंपनीला माफी मागावी लागली. पुढे कॅनडातल्या काही संगीत महोत्सवांनी प्रेक्षकांना असे मुकुट घालून यायलाच बंदी केली. ज्यांचं आहे त्यांनी इतक्या स्पष्टपणे 'नको' म्हटल्यावर आपण हुज्जत घालण्यात मला शहाणपणा दिसत नाही.

आता किमोनो. चिरंजीव ऐकताहेत ना?

त्याचं वाक्य मूळचं अमेरिकेतलं. 2011 मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पोस्टर काढली होती. आपापल्या समाजाची टवाळी करणाऱ्या पोशाखातल्या माणसाचा फोटो हातात धरून विद्यार्थी उभे, आणि खाली साधारण हेच वाक्य. पोस्टर चोख होती, कारण त्या फोटोंतली माणसं खरंच सोंगं काढत होती. पण वाक्य एकदा सुटं झालं की कुठेही चिकटतं. तुमच्या किमोनोला ते चिकटलं, आणि तिथे ते लागू पडत नाही.

2015 मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात काय झालं ते त्याला सांगा. क्लोद मोने या चित्रकाराचं 1876 मधलं एक मोठं चित्र तिथे आहे, त्याची बायको लाल भरजरी किमोनो घालून, हातात पंखा धरून उभी. जपानमध्ये हे चित्र फिरायला गेलं तेव्हा तिथल्या एनएचके वाहिनीने त्या किमोनोच्या प्रतिकृती करून घेतल्या होत्या, आणि जपानी लोकांनी त्या घालून फोटो काढले होते. चित्र परत आल्यावर बोस्टनच्या संग्रहालयानेही तेच ठेवलं, बुधवारी संध्याकाळी या, किमोनो घाला, फोटो काढा. काही आशियाई-अमेरिकन तरुण फलक घेऊन उभे राहिले, म्हणाले, हा वंशवाद आहे. त्यांच्या समोर दुसरा घोळका आला, त्यात किमोनो घातलेल्या जपानी बायका. त्या म्हणाल्या, अहो घालू द्या ना लोकांना. बोस्टनमधल्या जपानी वकिलातीच्या अधिकाऱ्यालाही आक्षेपाचं कारण उमगलं नाही. शेवटी संग्रहालयाने सुवर्णमध्य काढला, किमोनोला हात लावा पण घालू नका. माझ्या मते हा सगळ्यात वाईट तोडगा, दोन्हीकडचे नाराज.

आता यात खरं कुणाचं? बरेच दिवस मला वाटायचं, जपानी बायकांचं, विषय संपला. नंतर दुसरी बाजूही कळली. जपानमध्ये वाढलेल्या बाईला किमोनोवरून कुणी कधी चिडवलेलं नसतं. तिच्या देशात किमोनो विणणारे, रंगवणारे कमी होत चाललेत, तो कुणीही घातला तरी तिला आनंदच. अमेरिकेत वाढलेल्या जपानी वंशाच्या मुलीची गोष्ट वेगळी. 1942 मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना काटेरी कुंपणामागच्या छावण्यांत डांबलं. त्यातले दोन तृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक. त्याआधीच्या काही महिन्यांत झडतीच्या भीतीने कित्येक घरांनी जपानी पत्रं, पुस्तकं, बाहुल्या, किमोनो स्वतःच्या हाताने जाळले किंवा पुरले. जी वस्तू आजीने अंगणात जाळली ती फोटोपुरती हौसेने मिरवताना बघून नात चिडली, तर तिला नाजूक म्हणायची माझी जीभ धजावत नाही. एकाच कपड्यावर एकाच वंशाच्या दोन बायकांचं दोन तऱ्हेने बोलणं, आणि दोघीही खोटं बोलत नाहीत.

मग तरी मी 'घाला' का म्हणते? कारण तुमचा किमोनो दुकानातला 'गीशा सेट' नाही, ज्यांचा आहे त्यांच्यातल्याच एकीने तो तुमच्या हातात दिलाय. मला पहिल्यांदा किमोनो नेसवला तो ओळखीतल्या एका जपानी आजींनी. मी आगाऊपणे आधीच गुंडाळून बसले होते, उजवी बाजू वर घेऊन. आजींच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि त्यांनी घाईघाईने तो सोडला. उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवताना घेतात. जिवंत माणसाची डावी वर. मग त्यांनी माझ्या कमरेभोवती टॉवेल गुंडाळले, एक, दोन, तीन. का, तर किमोनोत शरीर सरळ नळकांड्यासारखं दिसायला हवं, कमरेचा खळगा चालत नाही. आयुष्यभर कमर बारीक दिसावी म्हणून धडपडलेल्या मला हे ऐकून काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यावर दोऱ्या, त्यावर ओबीचा रुंद पट्टा. पाठीवर हात टेकवून त्यांनी तो असा आवळला की मी पुढचा अर्धा तास श्वास हिशेबाने घेत होते. शेवटी दोन पावलं मागे जाऊन त्यांनी मला वरून खाली बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते अपमान झालेल्या बाईचं नव्हतं.

तेव्हा तुम्हीही त्या मैत्रिणीला फोन करा. परवानगीसाठी नको, परवानगी भेटीतच आली. नेसवायला बोलवा, नाहीतर व्हिडिओवर तरी. आणि किमोनो घालून गेल्यावर फक्त किमोनो घातलेली तुम्हीच राहा. तोंडाला पांढरा रंग, केसांत जेवणाच्या काड्या, तुरुतुरु चाल, डोळे बारीक करून फोटो, यातलं एक जरी आलं तरी तुम्ही सोंगाच्या हद्दीत शिरलात. कुणी विचारलं तर कुणी दिला, कसा नेसतात ते सांगा. कुणाला खरंच खटकलं तर ऐकून घ्या. तिथल्या तिथे मैत्रिणीचं प्रमाणपत्र काढून दाखवू नका.

मुलाचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. मग सगळं जग सूट-टाय घालतं, ते कसं चालतं? टॉम टॉरलिनोचा दुसरा फोटो दाखवा त्याला. सूट पुष्कळांना घालावा लागला, नोकरीसाठी, कोर्टात जाण्यासाठी, माणूस म्हणून मोजलं जाण्यासाठी. तो घातल्याने सहसा कुणाला मार पडला नाही. पगडीचं उलट. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी ॲरिझोनात बलबीर सिंग सोढी या शीख गृहस्थांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या गेल्या, डोक्यावरची पगडी आणि दाढी बघून. त्याच देशात 2019 मध्ये गुच्ची कंपनीची तयार 'पगडी' 790 डॉलरला विकायला ठेवली होती. हौसेने घालणाऱ्याला कौतुक, श्रद्धेने घालणाऱ्याला गोळी. शिखांनी आक्षेप घेतला तो या तफावतीवर.

आणि नवऱ्याच्या बाजूनेही एक सांगते, नाहीतर ते हे पान मिटवून ठेवतील. जखमा कायम ओल्या राहतात असं नाही. ब्रिटिश पार्लमेंटने 1746 मध्ये स्कॉटलंडमधल्या पुरुषांना किल्ट, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातला पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख, घालायला बंदी केली होती, पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. 1782 मध्ये बंदी उठली. 1822 मध्ये खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला किल्ट घालून मिरवला, आणि आज स्कॉटिश लोक पाहुण्याला लग्नात भाड्याचा किल्ट आनंदाने नेसवतात. कपडा त्यांच्या हातात पुन्हा आला, मग त्यांनी तो वाटायला सुरुवात केली. पिसांच्या मुकुटाचं अजून तसं झालेलं नाही.

राहता राहिली मुलगी. तिला 'नाही' एवढंच सांगितलंत तर ती रडेल, आणि योग्यच रडेल. तिला मारिया टॉलचिफची गोष्ट सांगा. 1925 मध्ये ओक्लाहोमात जन्मलेली, वडील ओसेज जमातीचे. ही मुलगी बॅले नर्तकी झाली. त्या काळी बॅले म्हणजे रशियन लोकांची मक्तेदारी, अमेरिकन मुली रशियन वाटणारी नावं घ्यायच्या. हिलाही सुचवलं, टॉलचिफचं 'टॉलचिव्हा' कर. तिने साफ नकार दिला. आणि त्याच नावानिशी न्यूयॉर्क सिटी बॅलेची आघाडीची नर्तकी झाली. 1949 मध्ये तिने 'फायरबर्ड' या बॅलेमधला अग्निपक्षी नाचून दाखवला, ते तिचं सगळ्यात गाजलेलं काम.

अग्निपक्षी म्हटल्यावर पिसं आलीच. तेव्हा मुकुट परत पाठवू नका, उसवा. लाल-शेंदरी पिसं असतील ती वेगळी काढा, पांढरी असतील ती मुलीला रंगवू द्या. एका हेअरबँडला चार-पाच लावा, बाकीची झग्याच्या कडेला. गालांचे रंग आणलेत त्यातला लाल पापण्यांवर चालेल. कातडी तिची स्वतःचीच. स्टेजवर जाऊन तिने दोनच वाक्यं म्हणायची, मी कोण आणि मी नाव का बदललं नाही. हेअरबँडला पिसं शिवायचं काम चिरंजीवांना द्या. एवढा ओरडा केलाय, तर सुईत दोरा ओवायला काय हरकत आहे?

आणि किमोनोची डावी बाजू वर, बरं का.